लसणाचा वास

दिवेलागणीच्या सुमारास आमच्या पोलीस लाइनीत सगळ्या घरांच्या फोडण्या जवळजवळ एकाच वेळी पडतात. कुणाकडे जिऱ्याची, कुणाकडे मोहरीची, पण थोड्याच वेळात सगळ्यांवर पसरतो तो लसूण. मी नुकतीच ठाण्यातून आलेली असते, पट्टा सोडून खुंटीला लावलेला असतो, बुटांच्या नाड्या अर्ध्या सुटलेल्या असतात, आणि खिडकीच्या जाळीतून तो वास आत येतो. दर वेळी एक क्षण, अगदी एकच क्षण, माझा श्वास थांबतो. मग कुठूनतरी कढईवर झारा आपटल्याचा आवाज येतो, कुणीतरी लेकराला अभ्यासाला बस म्हणून ओरडतं, आणि माझ्या लक्षात येतं की हा स्वयंपाकच आहे. कुणीतरी जेवणार आहे. श्वास पुन्हा चालू होतो.

इतकी वर्षं झाली, पण तो क्षण काही गेला नाही. पूर्वी मला त्याचा राग यायचा. आता तो आला की मी बूट तसेच ठेवून थोडी थांबते, दारात आलेल्या जुन्या ओळखीच्या माणसासाठी थांबावं तशी.

लसणाला दोन वास असतात हे मला फार लहानपणी कळलं. एक मायच्या पाट्यावरचा. तांबड्या मिरच्या, मिठाचे खडे आणि सालासकट टाकलेल्या पाकळ्या वरवंट्याखाली चेचल्या जात, आणि तो ठेचा ज्वारीच्या गरम भाकरीवर पडला की डोळ्यांत पाणी यायचं. दुसरा वास बाबांचा. पाऊस उघडला, पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, कमरेला लागली, की बाबा पाठीवर पंप घेऊन वावरात जायचे आणि संध्याकाळी परतायचे तेव्हा त्यांच्या बनियनला, मानेला, केसांना तो दुसरा लसूण चिकटलेला असायचा. त्यात रॉकेलसारखं काहीतरी मिसळलेलं, किंचित गोडसर, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारं. विहिरीवर दोन-दोनदा साबण लावून अंघोळ केली तरी तो पुरता जात नसे.

आमच्याकडे त्याला विष म्हणत नाहीत. औषध म्हणतात. औषध आणलं, औषध मारलं, औषधाची उधारी राहिली. यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही कापूसवाल्या गावात हा शब्द तुम्ही ऐकाल, आणि त्यात लपवाछपवी नाही. पीक म्हणजे लेकरू, त्याला कीड लागली, त्याला औषध दिलं, इतकं ते सरळ आहे. शिशीवर कवटी असते, तांबडा त्रिकोण असतो, पण कृषी केंद्रातून पिशवीत घालून आणलेली ती शिशी गावात येईपर्यंत औषध झालेली असते. बाबा ती माळ्यावर ठेवायचे, लेकरांचे हात पोचू नयेत म्हणून. माळ्याला लावायची शिडी, आम्ही तिला निसणी म्हणतो, ती गोठ्यात वेगळी ठेवलेली असे. इतकी काळजी घेणारा माणूस होता तो.

आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. मला तो वास आवडायचा. बाबा घरी आले याची ती खूण होती. अंघोळ झाल्याशिवाय ते मला जवळ घेत नसत, मी उंबऱ्यावर वाट पाहत बसायची, आणि मग त्यांच्या कुशीत नाक खुपसलं की साबणाच्या आडून तो यायचा, हलकासा. माझ्यासाठी ती बापाची ऊब होती. शहरातल्या मुलींना वडिलांच्या दाढीच्या साबणाचा वास आठवतो म्हणतात, तसं.

रात्री जेवणं झाली की बाबा वाचायचे. तालुक्याच्या आठवडी बाजारात एक रद्दीवाला बसायचा, त्याच्याकडून ते रहस्यकथा आणत. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार, काळापहाड, गुरुनाथ नाईकांची पातळ पातळ पुस्तकं. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त पुस्तकं लिहिली, त्यातली किती आमच्या कवेलूच्या घरातून गेली असतील कोण जाणे. पण आमच्या वाट्याला आलेल्या पुस्तकांची बहुतेक वेळा शेवटची पानं नसायची. कुणीतरी आधीच ती फाडून त्यात हळद-मिरची बांधून दिलेली. खून कुणी केला हे बाबांना कधीच छापील कळलं नाही. मग तेच शेवट करायचे. कंदिलाची वात खाली करून, आवाज बारीक करून, आज खुनी मुनीम असे, उद्या तोच मुनीम निर्दोष सुटून खुनी वकील निघे. मी विचारायची, "बाबा, खरा कोण?" ते म्हणायचे, "पान भेटलं तर सांगतो." मला वाटतं, तपास म्हणजे काय ते मी तिथे शिकले. हरवलेलं पान शोधणं.

त्या पुस्तकांत बाई असायची ती घाबरलेली, पळवून नेलेली किंवा फार सुंदर आणि म्हणून संशयित. टॉर्च हातात घेऊन अंधारात शिरणारी बाई त्यांत नव्हती. ती आमच्याकडे उशिरा आली. किरण बेदी १९७२ साली भारतीय पोलीस सेवेत गेल्या, आणि १९८९ मध्ये दूरदर्शनवर 'उडान' लागली, तेव्हा कविता चौधरींनी लिहिलेली, दिग्दर्शित केलेली आणि स्वतः साकारलेली कल्याणी सिंग घराघरांत पोचली. त्यांनी ती आपल्या बहिणीवरून, कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्यावरून रेखली होती. या कांचनताई पुढे २००४ साली उत्तराखंडात देशातल्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. माझ्या आधीच्या पिढीतल्या एक हवालदार बाई सांगत, कल्याणी वर्दी घालून पहिल्यांदा पडद्यावर आली त्या रात्री मी झोपलेच नाही. त्या कथेतही मुळाशी घरावर झालेला अन्याय होता. बापाचा अपमान पाहिलेली मुलगी वर्दीकडे जाते. मला हे फार खरं वाटतं. वर्दीकडे धावत जाणाऱ्या पुष्कळ मुलींच्या मागे कुठेतरी एक ओसरी असते, आणि त्या ओसरीवर मान खाली घालून बसलेला एक माणूस.

आमची ओसरी २००६ ची. श्रावण सरत आला होता. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले होते, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची घोषणा झाली होती, आणि गावातली मोठी माणसं पारावर बसून त्या आकड्यावर किती शून्यं ते एकमेकांना विचारत होती. मी बारा वर्षांची होते. पोळा तोंडावर आलेला, बैलांच्या शिंगांचा रंग आणून ठेवलेला. सकाळी बाबा वावरात गेले आणि दुपारी लोकांनी त्यांना बैलबंडीतून आणलं. अंगणात खूप माणसं होती. लसणाचा वास होता. चूल पेटलेली नव्हती.

मी त्याहून जास्त सांगणार नाही. सांगण्यासारखं जे आहे ते त्यानंतरचं आहे.

तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या ठाण्यातून एक जमादार आले. वाईट माणूस नव्हते. दमलेले होते, चिखलानं पँट गुडघ्यापर्यंत भरलेली, त्या आठवड्यातलं ते कितवं गाव होतं कोण जाणे. माय बोलायच्या अवस्थेत नव्हती. म्हणून त्यांनी मला जवळ बोलावलं, खाटेवर बसवलं आणि मांडीवरच्या पॅडला कागद लावला. त्यांनी विचारलं, "रात्री घरात भांडण झालं होतं का, बाई?"

मी म्हणाले, हो.

"कशावरून?"

"भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून."

त्यांनी लिहून घेतलं. मला पुढचंही सांगायचं होतं. की बाबा चिडले, ताट सरकवलं, मायही बोलली, आणि मग बाबांनीच उठून गाडग्यातलं दही आणलं, भाजीत कालवलं, आधी मायच्या ताटात वाढलं, मग आपल्या, आणि म्हणाले की पाहा, आता शंभर माणसं जेवतील. माय हसली होती. त्या रात्री गोष्टसुद्धा झाली होती. खुनी डॉक्टर निघाला होता. हे सगळं माझ्या ओठांवर होतं, पण जमादारांनी पेनाला टोपण लावलं होतं, आणि बारा वर्षांच्या मुलीला ते टोपण काढायला सांगता येत नाही.

काही महिन्यांनी तहसिलीतून कागद आला. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला सरकारकडून १ लाख मिळतात, ३०,००० हातात आणि ७०,००० ठेवीत. त्यासाठी नावावर जमीन लागते, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं थकलेलं कर्ज लागतं, आणि मरणाचं कारण तेच असावं लागतं. आमच्या कागदावर कारण होतं कौटुंबिक कलह. खाली एकच शब्द, अपात्र.

पात्र हा शब्द मी तोवर दोनच अर्थांनी ओळखत होते. नदीचं पात्र आणि गोष्टीतलं पात्र. आमच्या जिल्ह्यात माणूस गेल्यावर पात्र होतो किंवा अपात्र, हा तिसरा अर्थ मला त्या दिवशी कळला. किती तरी दिवस मी मनात तो उलटून पाहत होते. बाबा गोष्टीतून वगळले गेले होते, आणि ज्या शब्दानं वगळले गेले तो शब्द माझ्या तोंडून गेला होता. हो.

माझ्या जिल्ह्याला हे नवं नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे १९ मार्च १९८६ रोजी बायको आणि चार लेकरांसह गेले, आणि अजूनही दर वर्षी त्या तारखेला राज्यात ठिकठिकाणी माणसं त्यांच्यासाठी दिवसभर उपाशी राहतात. मीही राहते. ड्युटी असली तरी राहते. उपाशी पोटी संध्याकाळी लाइनीतल्या फोडण्यांचा वास जास्तच तीव्र येतो.

मी भरती झाले ती त्या 'हो'मुळे, असं म्हटलं तर ते कुणाला नाटकी वाटेल, पण माझ्यापुरतं ते खरं आहे. महाराष्ट्रानं १९९४ च्या महिला धोरणात सरकारी नोकऱ्यांत बायकांसाठी ३० टक्के जागा ठेवल्या म्हणून माझ्यासारखीला मैदानावर उभं राहता आलं. १५५ सेंटीमीटर उंचीच्या पट्टीखाली मी टाचा टेकवून, मान ताठ करून उभी राहिले, तेव्हा मनात एकच होतं, की आता पेन माझ्या हातात येईल. शिपाई म्हणून लागले तेव्हा पेन काही आलं नाही, काठी आली. बंदोबस्त, गणपती, निवडणूक, कोर्टात समन्स घेऊन जाणं. ते सगळं भराभर गेलं.

२०१७ चा सप्टेंबर मात्र जात नाही. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. दाट, ओली, आत वारा नाही. बोंडअळीची धास्ती, त्यामुळे लोक दोन-तीन औषधं एकत्र करून मारत होते, आणि झाड उंच म्हणून नळी वर धरावी लागे, मग तो फवारा तोंडावर, छातीवर, डोळ्यांत परत यायचा. फवारणीला रोजानं जाणारे मजूर साध्या सदऱ्यात, अनवाणी. पाहता पाहता यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरले. शेकडो माणसं आली, वीसहून जास्त गेली. मला तिथे बंदोबस्ताला ठेवलं होतं. ही माणसं मरायला गेली नव्हती, कामाला गेली होती, रोजी कमवायला. त्यांच्या बायका वऱ्हांड्यात गाठोड्यांवर बसलेल्या, कुणाच्या हातात नवऱ्याचा काढून दिलेला सदरा. आणि त्या सगळ्या सदऱ्यांमधून, फिनाइलच्या वरून, तो येत होता. बाबांचा वास. एक बाई तो सदरा तोंडाशी धरून बसली होती. नर्सनं तिला दोनदा सांगितलं की ते धरू नका, दूर ठेवा. ती ठेवेना. मी जाऊन तिच्या हातातून तो हळूच घेतला, आणि घेताना, देवाशपथ, मीही एकदा श्वास घेतला.

पुढे खात्याची परीक्षा दिली, पास झाले, नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत गेले. तिथे न्यायवैद्यकाच्या तासाला सर सांगत होते की सेंद्रिय फॉस्फरसच्या कीटकनाशकानं विषबाधा झाली तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, आणि शरीराला लसणासारखा वास येतो. वर्गातली मुलं-मुली लिहून घेत होती. कोकणातली, कोल्हापूरकडची, मुंबईची. सरांनी विचारलं, हा वास कुणी घेतलाय का? माझा हात वर गेला नाही. मागच्या बाकावर हिंगोलीकडचा एक मुलगा होता, त्याचाही गेला नाही, पण आमची नजरानजर झाली. त्या दिवशी मेसमध्ये दोघांनीही वरणातला लसूण बाजूला काढून ठेवला. एकमेकांना काही विचारलं नाही.

त्याच्या आधीचा एक दिवस सांगायचा राहिला. ११ जानेवारी २०१९, यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. पाहुण्यांवरून वाद होऊन गेले होते, बंदोबस्त कडक होता, आणि मी मांडवाच्या कडेला उभी. अध्यक्ष अरुणा ढेरे व्यासपीठावर होत्या, आणि उद्घाटनाला माईकपाशी आली ती आमच्या कळंब तालुक्यातली वैशाली येडे, शेतकरी नवऱ्याच्या पाठीमागे उरलेली, साधी साडी नेसलेली बाई. एवढ्या मोठ्या मांडवात एकदम शांतता झाली. बंदोबस्तावरच्या माणसानं पाठ व्यासपीठाकडे आणि तोंड गर्दीकडे ठेवायचं असतं. मी तशीच उभी होते. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, नुसता आवाज पाठीवर येत होता, वऱ्हाडी, न डगमगणारा. समोर गर्दीत पदरानं डोळे पुसणाऱ्या बायका मला दिसत होत्या. मला पुसता येत नव्हते.

आता मी फौजदार आहे, माझ्याच जिल्ह्यात, माझ्या गावापासून दोन तालुके पलीकडे. रात्रपाळीला ठाण्यात शांत असलं की कधी पुस्तक, कधी मोबाइलवर एखादी मालिका. रहस्यकथेची सवय बाबांची, ती सुटली नाही. हल्ली या कथांमधली नायिका बरेचदा पोलीस असते आणि तिच्या मागे काहीतरी दुखरं असतं. अशीच एकदा मी 'मेअर ऑफ ईस्टटाऊन' पाहिली, २०२१ ची, सात भागांची. पेनसिल्व्हेनियातलं छोटं गाव, सगळे सगळ्यांना ओळखणारे, आणि केट विन्स्लेटनं केलेली ती थकलेली, केस कसेतरी बांधलेली तपास अधिकारी. तिचा तरुण मुलगा स्वतःहून गेलेला असतो, घराच्या माळ्यावर. ती गावाचे खून उलगडते, पण त्या माळ्यावर जात नाही. अगदी शेवटी, सगळं संपल्यावर, एकटी असताना ती छतातली शिडी खाली ओढते आणि एकेक पायरी चढून वर जाते. वर काय आहे, ते दाखवत नाहीत.

पहाटेचे तीन वाजले असतील. बाहेर झाडाखाली जप्तीच्या मोटारसायकली दवानं ओल्या झालेल्या. मी मोबाइल पालथा ठेवला आणि किती तरी वेळ आमची निसणी आठवत बसले. गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली, तिसरी पायरी सुतळीनं बांधलेली.

मला या कथा मनापासून आवडतात, आणि तरी एका ठिकाणी त्या माझा हात सोडतात. त्यांत पूर्वायुष्य हे गुपित असतं. कुणीतरी ते पुरलेलं असतं, नायिका ते खणून काढते, आणि गुन्हेगार हाती लागला की तिच्या आतलंही काहीतरी मिटतं. आमच्याकडे गुपित कुठलं? सगळ्या गावाला माहीत असतं. कर्ज कुणाचं होतं, पाऊस किती दिवस दडला, भाव काय पडला, शिशी कुठल्या दुकानातली. मर्गच्या, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या, कागदावर आरोपीचं नावच नसतं. पकडायला कुणी नाही, म्हणून बेड्या कुणाला घालायच्या हा प्रश्न नाही. मग अशा जागी पोलीस बाई जाऊन काय करते? लिहिते. तेवढंच तिच्या हातात असतं.

मागच्या सप्टेंबरात पैनगंगेच्या बाजूच्या एका गावात जावं लागलं. अशा मृत्यूंच्या चौकशीसाठीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४ कलम जाऊन २०२४ च्या जुलैपासून नागरिक सुरक्षा संहितेचं १९४ आलंय, पण अंगण तेच असतं. गाडीतून उतरले, पोलीस पाटील पुढे आले, आणि दोन पावलांवर तो वास आला. घरात कुणी स्वयंपाक करत नव्हतं. मी थांबले. हवालदारांनी विचारलं, "मॅडम, पाणी देऊ का?" मी मान हलवली.

पंचनामा झाला. आई बोलत नव्हती. दाराच्या चौकटीला टेकून एक मुलगी बसली होती, अकरा-बारा वर्षांची, शाळेच्या तांबड्या रिबिनी एका बाजूनं सुटलेल्या, धाकट्या भावाचं डोकं मांडीवर. ठरलेला प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. तो आपोआप येतो, कागदच त्या क्रमानं चालतो. रात्री घरात काही भांडण?

मी टोपी काढून बाजूला ठेवली आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले. म्हणाले, "बाई, काल तू शाळेतून आलीस तिथून सांग. सगळं सांग. मला घाई नाही."

ती सांगत गेली. शाळेत काय झालं, बकरी कुठे गेली, बाबा कधी आले. मग भांडणही आलं. मोबाइलच्या रिचार्जवरून आई-बाबा बोलले होते, मोठ्यानं. मी ते लिहिलं. ती थांबली. मी पेन तसंच उघडं धरलं. मग ती म्हणाली की नंतर बाबांनी तिला भूगोलाच्या वहीत महाराष्ट्राचा नकाशा काढून दिला, कोकणाची बाजू चुकली म्हणून खोडून पुन्हा काढला, आणि बँकेच्या नोटिशीचा कागद खाली ठेवून त्यावर वही धरली होती. मी तेही लिहिलं. नोटीस, नकाशा, खोडरबर. 'समक्ष विचारल्यावरून बयान देते की', इथून सुरू होणाऱ्या कागदावर खोडरबर मी पहिल्यांदाच लिहिलं असेल. हवालदार माझ्याकडे पाहत होते, पण काही बोलले नाहीत. त्यांनी नुसता दुसरा कागद काढून दिला.

बयानाच्या शेवटी एक वाक्य असतं, की माझं बयान मला वाचून दाखविलं, ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. मी ते तिला खरोखर वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून. ती लक्ष देऊन ऐकत होती. एका जागी तिनं मला थांबवलं. "मॅडम, आलूची नाही. वांग्याची भाजी होती." मी आलू खोडलं, वर वांगे लिहिलं आणि बाजूला सही केली.

पात्र की अपात्र, ते जिल्ह्याची समिती ठरवते. माझ्या हातात तो कागद होता, तो मी दिला.

यंदा दिवाळीला माय माझ्याकडे आली. पिशवीतून गावचा लसूण आणला होता, बारीक पाकळ्यांचा, जांभळट सालीचा, बाजारातल्या मोठ्या लसणापेक्षा कितीतरी तिखट. पत्र्याच्या तिच्या जुन्या पेटीतले कागदही आणले होते, जुन्या खात्याचं काहीतरी पाहायचं होतं म्हणून. त्या घडीत मला तो सापडला. झेरॉक्स, कडा पिवळ्या पडलेल्या, घडीवर फाटलेला. माझं बयान. साडेचार ओळी. माझ्या नावापुढे वय १२ वर्षे, धंदा शिक्षण. खाली तेच वाक्य, वाचून दाखविले, बरोबर आहे.

माय स्वयंपाकघरात खाली बसून लसूण सोलत होती. मी तो कागद घेऊन तिच्यासमोर बसले आणि वाचून दाखवला. साडेचार ओळींना वेळ किती लागतो. मग म्हणाले, "माय, ते मी सांगितलं होतं. भांडणाचं. माझ्यामुळे तो कागद तसा आला."

तिचे हात थांबले नाहीत. अंगठ्याच्या नखानं एक पाकळी सोलली, दुसरी सोलली. खिडकीतून लाइनीतल्या दिवाळीच्या पणत्या दिसत होत्या, कुठेतरी लेकरं टिकल्या फोडत होती.

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तवाच. तू ओसरीवर सांगत होती, मी आतून ऐकत होती." तिनं सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. "त्यात खोटं काय होतं, पोरी? मीठ जास्त पडलंच होतं त्या रोजी. दोनदा टाकल्या गेलं माह्या हातानं."

मला दह्याचं सांगायचं होतं. शंभर माणसांचं सांगायचं होतं. तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "दही टाकलं होतं मंग त्यायनं," आणि जराशी हसली, कंदिलाच्या उजेडात हसली होती तशी.

ती उठली. कढईत तेल टाकलं, ते तापू दिलं, ठेचलेला लसूण सोडला. वास घरभर झाला. त्यात मायचा पाटा होता, आणि त्याच्या खाली कुठेतरी, अगदी हलका, साबणाच्या आडून येणारा तो दुसराही होता. मी तिथेच बसून तो आत घेतला, पूर्ण.

थोड्या वेळानं माय डाव घेऊन माझ्याकडे वळली. "पाहून सांग बरं मीठ," ती म्हणाली. मी तळहात पुढे केला.